सुपडू, त्या शब्दाचा अर्थ

सुपडू, काल तुझ्या दहाव्याला मी पुन्हा तेच केलं.

सगळे नदीवरून परत आले होते. तुझ्या ओट्यावर घोंगडी अंथरली होती. ठकूवहिनी दाराच्या आत बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "मास्तर, कोरटात तुम्ही सायेबासंगे जे इंग्रजी बोल्ले होते ना, ते एकदा लेकराईले ऐकवा. ते नेहमी म्हनत, रघोनं माह्यासाठी काय इंग्रजी फाडलं होतं!" ओट्यावरचे सगळे माझ्याकडे बघायला लागले. खरं सांगता आलं असतं. निदान घसा बसलाय म्हणून उठून जाता आलं असतं. मी काय केलं? खाकरलो, टोपी सारखी केली आणि पंचवीस वर्षांपूर्वीचं ते वाक्य एकही शब्द न चुकता म्हणून दाखवलं. वहिनींनी हात जोडले. तुझा थोरला डोळे पुसत म्हणाला, "बाबा म्हनत होते तसंच हाये." घरी येऊन ताटावर बसलो तर घास तोंडाकडे जाईना. अन्नात काही नव्हतं, मलाच माझी किळस आली होती.

दहा दिवस झाले, फैजपूरच्या रस्त्यावर जो भेटतो तो माझंच सांत्वन करतो. 'मास्तर, लहानपणचा सोबती गेला हो तुमचा.' मी मान हलवतो. रडूही आलं मला, खोटं सांगत नाही. पण रडू ओसरलं की खाली जे उरतं ते दुःख नाही. पायाखाली काहीतरी घाण आली की अंग शहारतं ना, तसलं ते आहे. म्हणून तुला लिहितोय. तुला वाचता येत नव्हतं हे माहीत असून लिहितोय, आणि त्याचा मला थोडा आधारही वाटतो. बघ, इतका भित्रा आहे मी अजून.

तुझ्या जन्माची गोष्ट तुझ्या आईनेच मला सांगितली होती. तुझ्या आधीची तीन पोरं गेली, म्हणून तू जन्मल्याबरोबर तिने तुला सुपात घातलं, उकिरड्यापर्यंत ओढत नेलं आणि तिथून परत उचलून आणलं. हे टाकाऊ पोर आहे, याला नेऊन काय करायचं, असं मरणाला वाटावं म्हणून. सुपातला तो सुपडू. आपल्या गावात असे चार सुपडू होते, पण तुझी आई ती गोष्ट सांगताना अजून घाबरलेली दिसायची. तिने तुला टाकाऊ म्हटलं ते तू जगावास म्हणून. मी म्हटलं ते कशासाठी, हेच आज सांगायचंय.

तू मंद नव्हतास. तुला उशीर लागायचा, बस्स. काही विचारलं की तू ते आधी तोंडात घोळवायचास, बैल रवंथ करतो तसं. समोरचा कंटाळून दुसरीकडे बघायला लागला की मग तुझं उत्तर यायचं, आणि ते बरोबर असायचं. केळीच्या बागेत उभा राहून तू नुसत्या नजरेने सांगायचास की हा घड आठ दिवसांनी कापायचा आणि तो पलीकडचा उद्याच. माझा शाळेत पहिला नंबर होता, पण पिकलेला घड आणि कच्चा घड यांतला फरक मला अजून कळत नाही.

मी इंग्रजी शिकायला जळगावला गेलो आणि दिवाळीच्या सुट्टीत तो शब्द घेऊन गावात आलो. ईडियट. आमचे इंग्रजीचे मास्तर फळ्याकडे तोंड करून, मागे न बघता तो फेकायचे, आणि ज्याला लागेल त्याला आम्ही दिवसभर चिडवायचो. दहांतून आठ वेळा तो मलाच लागायचा. शेतकऱ्याचा पोरगा, उच्चार जड. पण गावात आल्यावर तोच शब्द माझ्या तोंडी काय शोभला म्हणून सांगू! विहिरीच्या काठावर मी तुला म्हटलं, "सुपडू, यू आर ॲन ईडियट." तू तो शब्द नेहमीसारखा घोळवलास आणि विचारलंस, "म्हंजे काय भो?"

मी म्हटलं, "म्हंजे लय मोठा मानूस."

तू इतका खूश झालास की तुमच्या ढवळ्या बैलालाही ते नाव दिलंस. "चाल रे इडेट!" नांगर धरून तू ओरडायचास आणि मी बांधावर लोळून हसायचो. बायका पाणी भरताना एकमेकींना म्हणायला लागल्या. म्हातारे कोतवालाला म्हणायला लागले. गावात त्या एका हिवाळ्यात त्या शब्दाला काही किंमतच उरली नाही, सगळ्यांच्या तोंडी तो खेळण्यासारखा झाला. त्या दिवसांत तरी त्याने कुणाचं वाईट केलं नाही. मला वाटायचं, मी गावाला इंग्रजी शिकवतोय.

मग तुझे वडील गेले, तुझ्या चुलत्याच्या नथूने वाटणी मागितली, आणि त्याला कोणीतरी शहाणा वकील भेटला. त्या काळी आपल्या कायद्यात होतं की जो जन्मापासून खुळा आहे त्याला वडिलार्जित जमिनीत वाटा नाही. पोटापुरतं अन्न आणि अंगापुरतं कापड, एवढंच. नथूने दावा ठोकला की सुपडू जन्मापासून खुळा. नदीकाठची ती काळीभोर जमीन, जिच्यात तू केळीचं एकेक रोप स्वतःच्या हाताने लावलं होतंस, ती सगळी एका शब्दावर येऊन अडली. तो शब्द वकिलाने इंग्रजीत लिहिला होता. तो कुठला हे तुला सांगायला नको.

धुळ्याच्या कोर्टात जाताना तू किती निश्चिंत होतास! रेल्वेत खिडकीजवळ बसलास आणि म्हणालास, "रघो हाये ना संगे. आपल्याले काय भेव?"

कोर्टात तुला त्यांनी आधी उभं केलं. नथूच्या त्या काळ्या कोटवाल्या वकिलाने तुला वार विचारले. रविवारनंतर काय येतं? तू घोळवत राहिलास. सगळे वाट बघत राहिले. मग तू सांगितलंस: सावद्याचा बाजार, मग यावलचा, मग फैजपूरचा, असे सातही. लोक खदखदून हसले. अरे, आपल्याकडे कोण वार मोजतं? आपण बाजार मोजतो. तुझ्या आईनेही तुला असंच सांगितलं असतं, माझ्या आईनेही. तू एकही बाजार चुकला नव्हतास. सात दिवसांचा हिशेब तू बरोबर दिला होतास, फक्त तिथल्या कुणाला तो कळला नाही.

मला कळला होता. तेवढ्यासाठीच तर तुझ्या वकिलाने मला साक्षीला बोलावलं होतं. बाहेर झाडाखाली त्यांनी मला दोनदा बजावलं, "मास्तर, एवढंच सांगा की खेड्यात वार बाजारावरून ओळखतात, आणि हा मनुष्य शेती स्वतः करतो. आणि मराठीत बोला. दुभाषी आहे." मी हो म्हटलं.

आत गेलो. समोर गोरा साहेब. आयुष्यात पहिल्यांदा मी गोऱ्या माणसासमोर इतक्या जवळ उभा होतो. मी नाव-गाव सांगतो न सांगतो तोच नथूचा वकील उठला आणि त्याने पहिलाच प्रश्न विचारला: तुम्ही याला लहानपणापासून एका इंग्रजी नावाने हाक मारत होता, हे खरं का? दुभाष्याने तोंड उघडायच्या आत मी इंग्रजीत म्हणालो, "होय." साहेबाने मान वर केली. मला वाटतं तो सकाळपासून पहिल्यांदाच जागा झाला. त्याने स्वतः मला विचारलं, तुम्हाला त्या शब्दाचा अर्थ माहीत आहे का?

सुपडू, साधं उत्तर होतं. लहानपणीची थट्टा, साहेब, आम्ही बैलालाही तेच म्हणायचो. सगळं कोर्ट हसलं असतं, आणि ते हसू तुझ्या बाजूचं असतं. पण मला शाळेत बक्षीस मिळालेली डिक्शनरी आठवली. तिच्यातलं वाक्य मला पाठ होतं. आणि साहेब माझ्याकडे बघत होता. मी छाती काढून, श्वास न घेता म्हटलं की जो मनुष्य जन्मापासून बुद्धिहीन असून स्वतःला व स्वतःच्या मालमत्तेला सांभाळण्यास असमर्थ असतो, त्यास हा शब्द लावतात. एकही उच्चार चुकला नाही. साहेब म्हणाला, व्हेरी गुड. आणि त्याने ते लिहून घेतलं.

साहेबाने तिथेच 'पुरे' म्हटलं, त्यामुळे बाजारांचं मला कुणी विचारलंच नाही. आपणहून सांगता आलं असतं. खरं सांगू? त्या दोन शब्दांच्या शाबासकीनंतर मला बाजार आठवलेच नाहीत.

निकालात माझं वाक्य जसंच्या तसं होतं. 'प्रतिवादीचा स्वतःचा साक्षीदार, सुशिक्षित शिक्षक' असं माझ्याबद्दल लिहिलं होतं. ती नक्कल मी तुझ्या वकिलाकडून मागून वाचली आणि पुढच्या नाल्यात फेकून दिली. तुझी जमीन त्याआधीच गेली होती.

आणि तू! कोर्टाच्या पायऱ्यांवर तू माझा हात धरलास. घाम आलेला, केळीच्या चिकाने काळे डाग पडलेला हात. "रघो, काय बोल्ला भो तू! सायेब चूप बसला. मले एकच शब्द समजला, तो आपला इडेट. तू सायेबाले सांगितलं ना, हा मोठा मानूस हाये म्हनून?" मी हो म्हटलं. नाही, नुसतं 'हो' म्हणून थांबलो नाही. मी म्हटलं, "सांगितलं रे, पन सायेब ऐकनारा नव्हता." आजवर मी जेवढं खोटं बोललो त्यात याच्याइतकं घाणेरडं दुसरं नाही. ते आठवलं की मला अजून तोंड धुवावंसं वाटतं.

नथूच्या दारचं पोटापुरतं अन्न तू घेतलं नाहीस. सावद्याच्या स्टेशनावर केळीचे घड मालगाडीच्या वाघिणींत भरायला लागलास. दरवर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, एक घड खांद्यावर घेऊन तू माझ्या दारात यायचास, गवतात नीट गुंडाळलेला. "घे भो मास्तर. तू माह्यासाठी कोरटात उभा राह्यला होता." ती केळी माझ्या पोरांनी खाल्ली. मीही खाल्ली. गोड लागली हेही सांगून टाकतो, आता काही लपवायचं नाही.

त्या शब्दाचं पुढे काय झालं ते तुला सांगतो, कारण त्याच्या मागे माझ्याइतकं कुणी फिरलं नसेल. भुसावळला रेल्वेच्या आवारात गोरे फोरमन तो दिवसाला शंभरदा फेकायचे. मग त्यांच्या हाताखालचे आपले बाबू फेकायला लागले. साहेबासमोर वाकलेला बाबू मागे वळून हमालाला तोच शब्द द्यायचा, आणि देताना त्याची मान ताठ व्हायची. ते बघून मी म्हणायचो, काय ही उष्ट्याची हौस! जणू मी स्वतः त्या पंगतीत पहिला बसलेला नव्हतो. मग डॉक्टरांनी म्हणे त्याची प्रतवारी केली. अमुक इतका खुळा तो हा, त्याहून थोडा बरा तो दुसरा, आपण व्यापाऱ्याला घड निवडून देतो तशी. आणि आता कॉलेजातल्या मुली तो लाडाने म्हणतात. माझी सून पाळण्यातल्या पोराचा गालगुच्चा घेते आणि म्हणते, "ईडियट माझा!" तिला वाटतं मी चिडतो तो जुन्या वळणाचा म्हणून.

निवृत्त व्हायच्या वर्षी एका मोठ्या शाळेत जाडजूड डिक्शनरी बघायला मिळाली, शब्दांची कुळं सांगणारी. त्यात शोधला. मुळात ग्रीक लोकांत त्याचा अर्थ होता, खाजगी माणूस. ज्याला सरकारदरबारी पद नाही, जो चावडीच्या भानगडीत पडत नाही, आपलं काम करतो आणि आपल्या घरी जातो, असा साधा माणूस. मी ते पान कितीतरी वेळ उघडं ठेवून बसलो. मग मला वीट आला. त्या अर्थाचा नाही, माझा. कारण ते वाचून पहिला विचार काय आला माहीत आहे? की हे मला कोर्टात ठाऊक असतं तर साहेबावर आणखी छाप पडली असती.

आणि ती भुसावळची दुपार. माझा मुलगा रेल्वेत लागला, त्याला क्वार्टर मिळालं, मी तिथे राहायला गेलो होतो. तू पत्ता विचारत विचारत घड घेऊन आलास आणि तो व्हरांड्यातल्या त्याच्या नव्या वेताच्या खुर्चीवर ठेवलास. चीक गळला. मुलगा आतून आला, डाग बघितला आणि तुझ्या तोंडावर तो शब्द फेकला. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. तू तो घोळवलास, नेहमीइतकाच वेळ. मग हसून म्हणालास, "राहू द्या बाबू. हा शब्द त माह्या ओयखीचा हाये."

तू माझ्याकडे बघितलं नाहीस. धोतराच्या सोग्याने खुर्ची पुसलीस, पाणी प्यायलास आणि गाडीच्या वेळेला निघालास. मुलाला मी काही बोललो नाही.

तेव्हापासून हा एकच प्रश्न मला खातोय. सावद्याच्या फलाटावर तू वीस-बावीस वर्षं वाघिणी भरल्यास. तो शब्द तिथे तुझ्या अंगावर रोज पडत असणार. शिवी कुठली आणि शाबासकी कुठली हे न कळायला तू काही खुळा नव्हतास. म्हणजे तुला कळलं होतं. कधी? पहिल्याच वर्षी? आणि कळूनही तू आखाजीला घड आणत राहिलास? ठकूवहिनींना, पोरांना, 'रघोनं माह्यासाठी इंग्रजी फाडलं' असं सांगत राहिलास? मला झाकायला? की मला रोज थोडे थोडे चटके द्यायला? तुझा तो स्वभाव नव्हता. पण असता तर बरं झालं असतं, सुपडू. तू एकदा माझ्या तोंडावर थुंकला असतास तर मी आज सुटलो असतो. तुझ्या चांगुलपणाचाही मला राग येतो. त्याने मला कुठे पळायला जागाच ठेवली नाही.

गेल्या आषाढात तू खाटेवर होतास तेव्हा मी सांगायचं ठरवून आलो होतो. शेजारी बसलो. म्हटलं, "सुपडू, धुळ्याचं एक राह्यलंय सांगायचं." तू डोळे उघडलेस. खूप वेळ घोळवलंस. मला वाटलं, आता उत्तर येणार. मग म्हणालास, "रघो, यंदा केयीच्या बागेले पानी कमी पडलं." आणि कूस बदललीस. मी उठून आलो. तू मला सोडवलंस, असं तेव्हा मनाची समजूत घातली. आज वाटतं, तू मला वेळ दिला होतास, जसा आम्ही तुला कधी दिला नाही, आणि मी उठून गेलो.

तुला जाऊन चार दिवस झाले नव्हते तर शाळेवर झेंडा चढला. पोरांना पेढे वाटले. साहेब गेला म्हणून आमचे हेडमास्तर भाषण देत होते, आणि मागे गडबड करणाऱ्या एका पोराला त्यांनी भाषण न थांबवता म्हटलं, "शट अप, ईडियट!" सगळे हसले. मी हातातला पेढा परत ताटात ठेवला.

परवा तुझं तेरावं. ही पानं मी आज रात्रीच घडी घालून कोटात ठेवणार आहे, म्हणजे सकाळी मन बदललं तरी ती अंगावर असतील. तुझी नात कुसुम चौथीत आहे. वाचते छान, अडत नाही. जेवणं झाली की ओट्यावर सगळ्यांसमोर तिला वाचायला देईन. मी वाचणार नाही, मी वाचलं तर आवाज लावीन, आणि लोक पुन्हा कौतुक करतील. मी खाली, चपला काढतात तिथे बसेन.

ठकूवहिनी ऐकतील. मग त्या शब्दाचा अर्थ मला विचारतील. विचारू देत. आधी मी तुझ्यासारखा घोळवीन, सगळे कंटाळेपर्यंत. मग आपल्या बोलीत सांगीन, "वहिनी, ज्याले सगये बाजार पाठ होते आन् तरी जो कोरटात चूप राह्यला, तो."